‘अ‍ॅलर्जी असेल रे!’

पालघर-बोईसर पट्ट्यात कुणालाही कुठलीही तक्रार सांगून बघा. शिंका येतायत? अ‍ॅलर्जी. अंगावर चट्टे उठले? अ‍ॅलर्जी. डोळे चुरचुरतात? मग तर काय, शंभर टक्के अ‍ॅलर्जी! आमच्या होस्टेलवर दोघा-तिघांना सकाळी आठच्या लेक्चरचीसुद्धा अ‍ॅलर्जी आहे, पण ती गोष्ट वेगळी.

यात लोकांचं फार चुकतं असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात आपलं तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं होतं. (कशात तरी पहिला नंबर आला म्हणायचा!) अशा हवेत नाक गळलं तर नवल नाही. पण ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द आपण इतका सैल वापरतो, की कधी कधी त्याच्या आड भलतंच काही लपून बसतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घरात घडलंय म्हणून सांगतो.

मी मूळचा खानदेशातला. इथे होस्टेलवर राहतो आणि रविवारी जेवायला बोईसरला मावशीकडे जातो. माझे काका इकडचेच, चिंचणीचे. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, डिप्लोमा करून एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. वय सत्तावीस. लहानपणापासून धुळीची अ‍ॅलर्जी, आणि कोळंबी खाल्ली की ओठ सुजायचे. समुद्राकाठी जन्माला येऊन कोळंबी चालत नाही, म्हणून सगळे त्याला चिडवायचे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्याला उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. बाजूला बघितलं की डोळ्याच्या मागे दुखायचं. मावशी म्हणाली, “कंपनीतल्या वाफेने झालं असेल.” मेडिकलवाल्याने थेंब आणि सेट्रिझिनची पट्टी दिली. आणि मी, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “अ‍ॅलर्जी असेल रे!” तीन-चार आठवड्यांत डोळा आपोआप बराच सुधारला. थेंबांचा गुण आला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

सहा महिन्यांनी पायाला मुंग्या आल्या. त्या चढत चढत कमरेपर्यंत गेल्या, मग स्पर्शच कळेना. एके दिवशी बाईकवरून उतरताना पाय टेकलाय की नाही तेच समजलं नाही आणि तो पडला. मग मुंबई, न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय, पाठीतून पाणी काढणं, हे सगळं. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “याआधी कधी डोळ्याचा काही त्रास झाला होता का?” आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर मावशीने मला एकटं गाठून विचारलं, “तू शिकलेला आहेस, खरं सांग. त्याची ती अ‍ॅलर्जीच वाढत जाऊन हे झालं का रे? मीच त्याला लहानपणी बळेबळे कोळंबी खाऊ घातली होती.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यासाठी मी दोन सुट्ट्या वाचनात घालवल्या. जे कळलं ते इथे मांडतो.

वायरचं इन्शुलेशन

इलेक्ट्रिकलवाल्यांना एमएस समजायला सगळ्यात सोपा. आपल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं, वायरवर इन्शुलेशन असतं तसं. त्यामुळे वेगवान तंतूंमधून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. आपली डहाणू लोकल स्वप्नातसुद्धा एवढी पळणार नाही! मायलिन नसलेल्या बारीक तंतूत हाच वेग सेकंदाला मीटर-दोन मीटरवर येतो, म्हणजे चालत जाण्याइतका.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्याची नस यांतलं हे मायलिन परकं समजून सोलते. जिथे सोललं जातं तिथे संदेश मंदावतो किंवा अडतो. डोळ्याच्या नसेवर हल्ला झाला तर धुरकट दिसतं, कण्यात झाला तर पाय बधिर होतात. बऱ्याच रुग्णांत सुरुवातीला हल्ला येतो, ओसरतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसऱ्या जागी पुन्हा येतो. दादाचा डोळा ‘बरा’ झाला तो असा. १८६८ साली पॅरिसच्या जाँ-मार्तें शार्को यांनी या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं. मेंदूत जागोजागी घट्ट झालेले डाग दिसतात, म्हणून नाव मल्टिपल स्क्लेरोसिस.

दादाच्या डोळ्याची एक तपासणी झाली. समोर पडद्यावर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होतात आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. साधारण शंभर मिलिसेकंद लागतात. दादाच्या डाव्या डोळ्याचे तेवढेच आले, उजव्याचे बरेच जास्त. डोळा ‘बरा’ होऊन सहा महिने झाले होते, तरी तो उशीर कागदावर स्पष्ट होता. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर डिले बघून जर्नल भरणारा मी, तो आलेख बघून गप्पच झालो.

मग अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

अ‍ॅलर्जीतही गुन्हेगार तीच रोगप्रतिकारक यंत्रणा. फक्त चूक वेगळी. धूळ, परागकण, कोळंबी यांसारख्या निरुपद्रवी बाहेरच्या वस्तूला ती शत्रू समजते. आयजीई नावाची अँटिबॉडी तयार होते, ती मास्ट पेशींवर जाऊन बसते, आणि पुन्हा तीच वस्तू आली की या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर टाकतात. मग शिंका, खाज, सूज. सेट्रिझिन अडवते ते या हिस्टामिनला.

म्हणजे अ‍ॅलर्जीत पहारेकरी दारावर आलेल्या पोस्टमनला चोर समजून बडवतो. एमएसमध्ये तो घरातल्याच माणसाला बडवतो. पहारेकरी एकच, म्हणून दोन्हींचा काही संबंध असेल का, हा प्रश्न मावशीलाच नाही, शास्त्रज्ञांनाही पडला होता.

काकांची चौदा इंजेक्शनं

या दोन गोष्टींची गाठ इतिहासात एकदा फार विचित्र रीतीने पडली आहे, आणि त्यात आपल्या देशाचाही भाग आहे.

काकांना लहानपणी चिंचणीला कुत्रा चावला होता. त्यांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द ऐकले की आजही हात पोटाकडे जातो. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ साली विकसित केली होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो निष्प्रभ करायचा आणि तेच मिश्रण टोचायचं. लशीने असंख्य जीव वाचवले, पण थोड्या लोकांना लस घेतल्यानंतर काही दिवसांनी रेबीज न होताच अर्धांगवायू व्हायचा. कारण? विषाणूबरोबर मेंढीचं मायलिनही शरीरात जात होतं, आणि काहींची यंत्रणा त्यावर चिडून स्वतःच्या मायलिनवरही तुटून पडायची. भारतात या लशीचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात.

अशा जुन्या लशींचे हे परिणाम बघून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ ते १९३५ या काळात माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. कुठलाही जंतू नसताना माकडांच्या मेंदूतलं मायलिन गेलं! एमएस समजून घेण्यासाठी आजही प्राण्यांवर हाच प्रयोग सुधारून वापरतात. आणि गंमत म्हणजे त्याचं जुनं नाव होतं ‘एक्सपेरिमेंटल अ‍ॅलर्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’. नावातच अ‍ॅलर्जी!

याचं कारण शब्दात आहे. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला, तो ‘बदललेली प्रतिक्रिया’ एवढ्याच अर्थाने. पुढे शब्दाचा अर्थ आकसत शिंका-खाजेपुरता आला आणि प्रयोगाच्या नावात ‘अ‍ॅलर्जिक’च्या जागी ‘ऑटोइम्यून’ म्हणजे ‘स्वतःवरच उलटलेला’ हा शब्द आला. नाव बदललं, कारण दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळलं.

सी-सॉचा सिद्धांत

१९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की मदतनीस टी-पेशी दोन गटांच्या असतात: टीएच-१ आणि टीएच-२. एक गट दुसऱ्याला दाबतो. अ‍ॅलर्जी टीएच-२ गटाची, एमएस टीएच-१ गटाचा. मग बागेतल्या सी-सॉसारखा हिशेब निघाला. एक बाजू वर तर दुसरी खाली, म्हणजे ज्याला अ‍ॅलर्जी त्याला एमएस कमी व्हायला हवा! फारच सुटसुटीत. परीक्षेत लिहायला तर एकदम छान.

पण शरीर परीक्षेच्या उत्तरासारखं वागत नाही. काही अभ्यासांत एमएसच्या रुग्णांना अ‍ॅलर्जी कमी दिसली, काहींत जास्त, काहींत सारखीच. ब्राझीलच्या संशोधकांनी २०११ साली असे दहा अभ्यास एकत्र करून गणित मांडलं. दमा, नाकाची अ‍ॅलर्जी, इसब, कशाचाच एमएस होण्याशी ठाम संबंध निघाला नाही. दुसरी अडचण अशी, की गेल्या काही दशकांत श्रीमंत आणि स्वच्छ देशांत अ‍ॅलर्जीही वाढली आणि एमएससारखे आजारही वाढले. सी-सॉची दोन्ही टोकं एकदम वर कशी जातील? शिवाय २००५ च्या सुमारास टीएच-१७ हा तिसराच गट समोर आला आणि एमएसमध्ये त्याचाही मोठा हात निघाला. सी-सॉवर तिसरा गडी येऊन बसल्यावर खेळ मोडणारच!

मावशीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. अ‍ॅलर्जी ‘वाढून’ एमएस होत नाही. आणि अ‍ॅलर्जी आहे म्हणून एमएसपासून संरक्षणही मिळत नाही.

आणि कोळंबी?

इथे मात्र थोडं जपून बोलावं लागेल. अमेरिकेत बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी एमएसच्या १,३४९ रुग्णांना त्यांच्या अ‍ॅलर्जींबद्दल विचारलं आणि २०१८ च्या अखेरीस निष्कर्ष छापले. धुळीची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांत फरक नव्हता. पण खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना एमएसचे हल्ले साधारण सव्वापट जास्त आले होते, आणि एमआरआयवर ताजे, सक्रिय डाग दिसण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. अपंगत्वाच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

मी हे दादाला सांगितलं आणि मावशीने स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या आठवड्यात घरातून बोंबील, सुकट, अंडी, दूध, शेंगदाणे सगळं हद्दपार! दादा वरण-भातावर. मग मला पुन्हा बसून समजावावं लागलं. तो अभ्यास आधीच एमएस असलेल्यांचा आहे. अ‍ॅलर्जीमुळे एमएस झाला असं तो म्हणत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. कदाचित दोन्हींच्या मुळाशी तिसरंच काही असेल. आणि ज्याची अ‍ॅलर्जी नाही तो पदार्थ बंद करून एमएस आटोक्यात येतो, असं तर कुणीच दाखवलेलं नाही. म्हणून कोळंबी बंद, ती आधीही बंदच होती. बोंबील चालू!

मग होतो तरी कशाने?

एक कारण नाही. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. एपस्टीन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू आयुष्यात जवळजवळ सगळ्यांनाच गाठतो आणि एमएस फारच थोड्यांना होतो. म्हणजे बाकीचे घटकही लागतात: जनुकं, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, सिगारेट.

जनुकांचा दाखला आपल्या जवळचाच आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या पारशी समाजात एमएसचं प्रमाण लाखात २१ च्या आसपास निघालं, आपल्याकडच्या इतर समाजांपेक्षा कितीतरी जास्त. शहर तेच, धूळ तीच, लोकलची गर्दीही तीच! नुसत्या हवेवर खापर फोडणाऱ्यांनी यावर विचार करावा.

पण म्हणून कारखान्यांना पूर्ण क्लीन चिटही नाही. स्वीडनमध्ये २०१८ साली छापलेल्या अभ्यासात रंग, वॉर्निश यांसारख्या सेंद्रिय द्रावकांच्या संपर्कात काम करणाऱ्यांत एमएसचा धोका सुमारे दीडपट दिसला. द्रावक, धोकादायक जनुकं आणि सिगारेट तिन्ही एकत्र आल्यावर तो ३० पटींच्या घरात गेला. जनुकं आपल्या हातात नाहीत. पण ट्रेनिंगला एमआयडीसीत जाल तेव्हा मास्क गळ्यात न लटकवता तोंडावर लावणं, आणि गेटबाहेरच्या टपरीवर न थांबणं, हे तरी आहे ना?

एक वेगळा किस्सा

अ‍ॅलर्जीचं एक जुनं औषध आहे, क्लेमास्टिन. प्रयोगशाळेत असं दिसलं, की ते मायलिन पुन्हा तयार करणाऱ्या पेशींना जागं करतं. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी ५० एमएस रुग्णांवर चाचणी केली, तर डोळ्याच्या संदेशाचा उशीर जेमतेम दोन मिलिसेकंदांनी का होईना, पण कमी झाला. आनंद झाला ना? थांबा. हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारच्या एमएसवर पुढे झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांची अवस्था उलट जास्त वेगाने बिघडली आणि ते औषध थांबवावं लागलं. तेव्हा मेडिकलमधून स्वतःच्या मनाने काही आणू नका. आणि सेट्रिझिन म्हणजे क्लेमास्टिन नव्हे.

लक्षात काय ठेवायचं?

एमएस बहुतेकदा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो, मुलींमध्ये दोन-तीन पट जास्त. म्हणजे होस्टेलचं आणि पहिल्या नोकरीचं वय. घाबरवायचं म्हणून नाही, पण एवढं माहीत असावं:

अ‍ॅलर्जीत डोळे बहुधा दोन्ही, लाल होतात, खाजतात, पाणी येतं. डोळ्याच्या नसेला सूज आली तर बहुधा एकच डोळा धूसर होतो, फिरवताना दुखतो आणि रंग फिके दिसतात. लाल झाकणाचं पेन घ्या, एकेक डोळा झाकून बघा. एका डोळ्याला ते विटकरी-फिकं दिसलं, तर थेंब टाकत न बसता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, एकाची दोन दिसणं चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. जितक्या लवकर औषध सुरू, तितके पुढचे हल्ले कमी.

आणि एमएसच्या रुग्णाला ‘प्रतिकारशक्ती वाढवायचे’ काढे आणून देऊ नका. इथे यंत्रणा कमजोर नाही, वाट चुकलेली आहे; तिला आवरण्याची औषधं चालू असतात. काही द्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आणि घरच्यांना आधार देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे. हेही आम्हाला उशिराच कळलं.

दादा आता पुन्हा कामावर जातो. शिफ्ट सुटली, दिवसाचं टेबलावरचं काम मिळालं. दर सहा महिन्यांनी सलाईनमधून औषध घेतो. पाय संध्याकाळी थकतो, उजव्या डोळ्याने लाल रंग अजून थोडा फिकाच दिसतो. ते सहा महिने वाया गेले नसते तर काय झालं असतं, ते कुणी सांगू शकत नाही. पण ‘अ‍ॅलर्जी असेल रे’ हे वाक्य मी म्हणालो होतो, ते मला विसरता येत नाही. म्हणून हा लेख.

गेल्या रविवारी गेलो होतो. सकाळी उठल्याबरोबर दादाला नेहमीप्रमाणे सात-आठ शिंका आल्या. मी चमकून बघितलं. मावशी तव्यावर बोंबील उलटत म्हणाली, “घाबरू नकोस. ही मात्र अ‍ॅलर्जीच आहे हं!”